स्फटिक, सांधा आणि दाह : गाऊटच्या संशोधनापासून इन्फ्लॅमासोमपर्यंत

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात काही तथ्ये अशी आढळतात की, ती नोंदवली गेली तेव्हा कोणी नाकारली नाहीत, पुढे कोणी खोटीही ठरवली नाहीत, आणि तरीही अनेक दशके ती जागच्या जागी पडून राहिली. गाऊट या सांध्याच्या विकारात सुईसारखे स्फटिक सापडतात, हे असेच एक तथ्य होय. लेव्हनहुक याने आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे स्फटिक १६७९ साली पाहिले. तो स्फटिक पेशीच्या आत नेमके काय घडवतो आणि त्यातून सांध्याचा असह्य दाह कसा उत्पन्न होतो, याचे पटण्याजोगे उत्तर मात्र २००६ साली मिळाले. मधल्या सव्वातीनशे वर्षांत रसायनशास्त्र उभे राहिले, जंतुशास्त्र जन्मले, रोगप्रतिकारशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखेचा मान मिळाला. या विलंबाचे कारण केवळ साधनांच्या उणिवेत शोधणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही.

प्रतिकारशक्तीचा विचार दीर्घकाळ ‘शरीर कोणत्या शत्रूशी लढते’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. त्यामुळे जो शत्रूच नाही, जो जिवंतही नाही, अशा कणाला शरीर एवढ्या तीव्रतेने प्रतिसाद का देते, हा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेबाहेर राहिला. इन्फ्लॅमासोमचा शोध हा त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे परतण्याचा इतिहास आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

इन्फ्लॅमासोम म्हणजे पेशीच्या आतील अनेक प्रथिनांनी प्रसंगी एकत्र येऊन बांधलेला संच. पेशीत काही बिघडल्याची खूण पटताच हा संच जुळतो, कॅस्पेज-१ नावाचे विकर कार्यान्वित करतो, आणि ते विकर इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहजनक प्रथिनाच्या निष्क्रिय रूपाला छेद देऊन त्याला सक्रिय करते. एरवी हे सर्व घटक पेशीत सुटे पडलेले असतात.

परिभाषेविषयी एक गोष्ट येथेच नमूद करणे इष्ट आहे. मराठी वैद्यकीय लेखनात या प्रक्रियेसाठी ‘दाह’ आणि ‘शोथ’ असे दोन्ही शब्द रूढ आहेत. पहिल्या शब्दाचा भर उष्णतेवर आहे, दुसऱ्याचा सुजेवर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे सांगितली होती. आपल्या दोन शब्दांनी त्यांपैकी एकेक उचललेले आहे. या निबंधात सर्वत्र ‘दाह’ हाच शब्द योजला आहे.

काट्यापासून जंतूपर्यंत

दाह म्हणजे काय, हे लक्षणांवरून ओळखणे एक आणि त्यामागची क्रिया पाहणे दुसरे. यूलियस कोनहाइम याने १८६७ साली बेडकाच्या पारदर्शक ऊतकात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडताना पाहिल्या आणि पू कोठून येतो हा जुना वाद बराचसा मिटला. परंतु त्या पेशी बाहेर पडून काय साधतात, हे त्यावरून कळत नव्हते. समकालीन विकृतिशास्त्रज्ञांपैकी अनेकांना दाह ही शरीराची हानीच वाटत असे.

या समजुतीला धक्का देणारा प्रयोग १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह याने केला. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात त्याने गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. त्या अळीला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जासंस्थाही नाममात्र. तरीही पेशी धावून आल्या. दाह ही प्राणिसृष्टीतील अतिप्राचीन संरक्षक क्रिया आहे, हा मेचनिकॉव्हचा सिद्धांत येथून उगवला. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या दाहाच्या तौलनिक विकृतिशास्त्रावरील व्याख्यानांत त्याने तो सविस्तर मांडला, आणि १९०८ साली पॉल एर्लिख याच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकांत हमखास सांगितला जातो. मात्र त्यातील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. मेचनिकॉव्हने अळीत जंतू सोडले नव्हते. त्याने टोचला तो काटा. भक्षक पेशींच्या सिद्धांताचा पहिला पुरावा एका निर्जीव, परक्या वस्तूविरुद्धचा होता. १८८४ साली त्याने डॅफ्निया या सूक्ष्म जलचराच्या शरीरात बुरशीचे बीजाणू गिळले जात असल्याचे दाखवले आणि तेथून पुढे त्याच्या विवेचनात काटा मागे पडून जंतू पुढे आले. काळच तसा होता. पाश्चर आणि कॉख यांच्या प्रयोगशाळांतून दरवर्षी एखाद्या भयंकर रोगाचा जंतू हाती लागत होता. लस आणि प्रतिविष यांनी माणसे वाचत होती.

या यशाचा मुंबईशी आलेला संबंध सर्वपरिचित आहे. ओडेसा येथे मेचनिकॉव्हचा विद्यार्थी असलेला आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झालेला वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तोकड्या जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्याचेच नाव आहे. गुरूने काट्यावरून सुरू केलेला विचार शिष्याच्या पिढीत लसीपर्यंत पोहोचला, हे मोठेच यश होय. परंतु त्याच यशामुळे प्रतिकारशक्ती म्हणजे जंतूंविरुद्धची लढाई हे समीकरण पक्के झाले. काट्याचा प्रश्न कोणी नाकारला नाही. तो विचारायचे कारण उरले नाही, एवढेच.

दिसलेला, पण न उमगलेला स्फटिक

गाऊटचा इतिहास मात्र या सर्वांहून जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील सूत्रांत हा रोग स्त्रियांना ऋतुनिवृत्तीपूर्वी होत नाही, असे निरीक्षण आहे आणि ते बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात वातशोणिताचे वर्णन येते. त्याच्या पर्यायनामांत ‘आढ्यवात’ हे एक नाव आहे. आढ्य म्हणजे धनिक. सुखवस्तू, व्यायामविमुख व्यक्तींशी या विकाराचा संबंध जोडणारी ही नोंद युरोपातील ‘राजांचा रोग’ या ख्यातीशी विलक्षण जुळते. तथापि वातरक्त म्हणजे गाऊटच, असे सरसकट समीकरण मांडण्याची अलीकडची प्रवृत्ती सावधपणे घ्यावयास हवी. संहितेतील वर्णनात त्वचेचे विकारही समाविष्ट आहेत, आणि दोन भिन्न शास्त्रांतील रोगनामे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत.

रासायनिक बाजू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडू लागली. शेले याने १७७६ साली मूतखड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले. विल्यम वोलस्टन याने १७९७ साली गाऊटच्या गाठीतील पदार्थ त्याच आम्लाचा क्षार असल्याचे दाखवले. पुढचे पाऊल लंडनचे वैद्य आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड यांनी उचलले. १८४८ साली त्यांनी गाऊटच्या रुग्णाच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले असते हे सिद्ध केले आणि १८५४ साली त्यासाठी अत्यंत सुलभ चाचणी सुचवली : रक्तद्रवात थोडे आम्ल घालून त्यात सुताचा धागा बुडवून ठेवायचा, यूरिक आम्ल अधिक असल्यास त्या धाग्यावर स्फटिक जमतात. १८५९ सालच्या ग्रंथात गॅरॉड यांनी याहून महत्त्वाचे विधान केले. सांध्यात साचलेला सोडियम यूरेट हा गाऊटच्या दाहाचे कारण आहे, परिणाम नव्हे, असे त्यांचे मत होते.

हे मत बरोबर होते. १८९९ साली माक्स फ्रॉइडवायलर याने यूरेटचे स्फटिक टोचून तीव्र दाह निर्माण होतो हे प्रयोगाने दाखवलेही. यानंतर संशोधनाला वेग यावयास हवा होता. प्रत्यक्षात फ्रॉइडवायलरचे लेखन सुमारे साठ वर्षे विस्मृतीत गेले. जंतूच्या शोधात गुंतलेल्या विकृतिशास्त्राला क्षाराच्या कणाने दाह होणे ही किरकोळ बाब वाटली असावी. रक्तात यूरिक आम्ल भरपूर असूनही कित्येकांना गाऊट होत नाही, ही अडचणही गॅरॉड यांच्या मताच्या आड येत राहिली. ही अडचण खरी होती, आणि तिचे उत्तर पुढे मिळावयाचे होते.

१९६१ साली फिलाडेल्फियात डॅनियल मॅककार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यातील द्रव तपासला. यूरेटचे स्फटिक तेथे लखलखीत दिसत होते, आणि त्यांतील कित्येक पांढऱ्या पेशींनी गिळलेले होते. आता प्रश्न जुनाच उरला : हे स्फटिक कारण की परिणाम? फेअर्स आणि मॅककार्टी यांनी त्याचे उत्तर स्वतःच्या शरीरावर शोधले. दोघांनी आपापल्या गुडघ्यात यूरेटचे स्फटिक टोचून घेतले. काही तासांत गुडघे सुजले आणि वेदना असह्य झाल्या. हा वृत्तान्त १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली ती ती निरुपद्रवी आहे हे दाखवण्यासाठी; या दोघांनी स्फटिक टोचून घेतले ते उपद्रव होतो हे दाखवण्यासाठी. वैद्यकातील आत्मप्रयोगांच्या दीर्घ परंपरेत हा दुसरा प्रकार दुर्मीळ आहे.

१९६२ : दोन वृत्तान्त, एकमेकांना अपरिचित

त्याच १९६२ साली दुसऱ्या एका नियतकालिकात टॉमस मकल आणि मायकेल वेल्स या ब्रिटिश वैद्यांनी डर्बीशायर परगण्यातील एका कुटुंबाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातील व्यक्तींना पिढ्यान्‌पिढ्या अंगावर पित्तासारखे चट्टे उठत, ताप येई, सांधे दुखत. वय वाढेल तसे बहिरेपण येई आणि अखेर काहींची मूत्रपिंडे निकामी होत. जंतुसंसर्ग नव्हता. स्वतःच्याच ऊतकांवर हल्ला करणारी प्रतिपिंडेही सापडत नव्हती. थंडीच्या झुळकीने असेच चट्टे व ताप येणारी दुसरी कुटुंबे १९४० पासून वैद्यकाला ठाऊक होती. या विकारांना ना जंतुरोगांच्या यादीत जागा होती, ना प्रतिकारशक्तीच्या रोगांच्या.

गुडघ्यात स्फटिक टोचून घेणारे अमेरिकन संधिवाततज्ज्ञ आणि डर्बीशायरच्या कुटुंबाची वंशावळ मांडणारे ब्रिटिश वैद्य एकाच प्रथिनाच्या करामतीचे वर्णन करीत होते, हे त्यांच्यापैकी कोणालाच कळणे शक्य नव्हते. ते कळायला चाळीस वर्षे जावी लागली, आणि त्यासाठी तीन वेगवेगळ्या वाटा एकत्र याव्या लागल्या.

पहिली वाट तापाच्या अभ्यासाची. पांढऱ्या पेशींतून ताप आणणारा पदार्थ पाझरतो, हे १९४० च्या दशकापासून ठाऊक होते. चार्ल्स डिनारेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तो शुद्ध स्वरूपात मिळवला. पुढे त्याला इंटरल्यूकिन-१ हे नाव पडले आणि १९८४ साली त्याची जनुके हाती आली. त्याचे बीटा रूप पेशीत प्रथम निष्क्रिय अवस्थेत तयार होते आणि छेद दिल्याखेरीज काम करीत नाही, हे लक्षात आल्यावर छेद देणाऱ्या विकराचा शोध सुरू झाला. १९९२ साली ते विकर सापडले, तेच कॅस्पेज-१. पण ते विकरही एरवी झोपलेले असते. त्याला कोण उठवते, हा प्रश्न दहा वर्षे अनुत्तरित राहिला.

दुसरी वाट आनुवंशिकीची. १९९७ साली भूमध्यसागरी कौटुंबिक ज्वराचे जनुक दोन संशोधकगटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधले. १९९९ साली डॅनियल कास्टनर यांच्या गटाने अशा विकारांसाठी ‘स्वयंदाहक’ अशा अर्थाची नवी संज्ञा सुचवली. २००१ साली हॅल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मकल-वेल्स विकार आणि थंडीने येणारे कौटुंबिक चट्टे हे एकाच जनुकातील उत्परिवर्तनांमुळे होतात, असे दाखवले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला त्यांनी क्रायोपायरिन म्हटले. आज ते एनएलआरपी-३ या नावाने ओळखले जाते.

तिसरी वाट तात्त्विक होती, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. १९८९ साली चार्ल्स जेनवे यांनी असा तर्क मांडला की, प्रतिपिंडे तयार होण्याच्या कितीतरी आधी शरीर जंतूंच्या ठराविक खुणा जन्मजात ग्राहींच्या साहाय्याने ओळखत असले पाहिजे. पुढील दशकात हा तर्क प्रयोगांनी खरा ठरला. मात्र जेनवे यांच्याही मांडणीत समोर शत्रू गृहीत होता. १९९४ साली पॉली मॅट्झिंगर यांनी याच गृहीतकाला हात घातला. शरीर ‘परके’ ओळखत नसून ‘धोका’ ओळखते, आणि धोक्याची वर्दी जखमी झालेल्या स्वतःच्याच पेशी देतात, असे त्यांचे म्हणणे होते. यावर कडाक्याची टीका झाली. ती सर्वस्वी गैरलागू होती असेही नाही. परंतु या मांडणीमुळे काट्याला आणि स्फटिकाला प्रतिकारशास्त्रात पुन्हा प्रवेश मिळाला. २००३ साली केनेथ रॉक यांच्या प्रयोगशाळेने मरणाऱ्या पेशींतून पाझरणाऱ्या धोकासूचक पदार्थाचा शोध घेतला, तेव्हा जो पदार्थ हाती आला तो होता यूरिक आम्ल. गॅरॉडच्या धाग्यावरचा स्फटिक दीडशे वर्षांनी निराळ्याच दारातून आत आला.

लोझानची प्रयोगशाळा

या तिन्ही वाटा स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेत मिळाल्या. चॉप हे मूळचे पेशींच्या नियोजित मृत्यूचे अभ्यासक. त्या मृत्यूत प्रथिने एकत्र येऊन विकरे जागी करणारा ‘अपॉप्टोसोम’ नावाचा संच बांधतात, हे तोपर्यंत ज्ञात झाले होते. दाहातही असाच संच असावा, या कल्पनेवरून ऑगस्ट २००२ मध्ये फाबियो मार्टिनॉन, किम्बर्ली बर्न्स आणि चॉप यांनी सुमारे ७०० किलोडाल्टन वजनाच्या एका प्रथिनसंचाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला इन्फ्लॅमासोम हे नाव दिले. कॅस्पेज-१ ला उठवणारा अखेर सापडला होता. तो एकटा नव्हता, तो मेळा होता. २००४ साली याच गटाने मकल-वेल्स विकारातील क्रायोपायरिनही असाच संच बांधते आणि उत्परिवर्तनामुळे ते अकारण बांधत सुटते, हे दाखवले.

आता प्रश्न असा होता की, उत्परिवर्तन नसलेल्या निरोगी माणसात हे प्रथिन कशासाठी आहे? २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात मार्टिनॉन, चॉप आणि सहकाऱ्यांनी त्याचे एक उत्तर दिले. भक्षक पेशींवर यूरेटचे स्फटिक सोडले की त्या इंटरल्यूकिन-१ बीटा पाझरू लागतात. परंतु ज्या उंदरांच्या पेशींत एनएलआरपी-३, त्याला जोडणारे एएससी प्रथिन किंवा कॅस्पेज-१ यांपैकी एकही नसेल, त्या पेशी जवळजवळ स्वस्थ बसतात. कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या स्फटिकांचेही तसेच. गॅरॉड, फ्रॉइडवायलर, मॅककार्टी या सर्वांच्या निरीक्षणांना जोडणारा दुवा येथे मिळाला.

उपचाराच्या बाबतीत ही साखळी याहूनही जलद जुळली. इंटरल्यूकिन-१ ला अडवणारे अ‍ॅनाकिन्रा हे औषध संधिवातासाठी २००१ पासून उपलब्ध होते. २००३ साली लंडनमध्ये ते मकल-वेल्स विकाराच्या रुग्णांना दिले गेले आणि आयुष्यभर छळणारी लक्षणे काही तासांत ओसरली. २००७ साली लोझानच्याच अलेक्झांडर सो यांनी तीव्र गाऊटच्या दहा रुग्णांना तेच औषध तीन दिवस दिले. दहाही जणांना लवकर आराम पडला. रुग्णसंख्या अगदीच लहान आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही, ही त्या अभ्यासाची मर्यादा होती. तरीही १९६२ चे दोन अपरिचित वृत्तान्त एकाच इंजेक्शनात भेटले, हे नोंदवण्याजोगे आहे. चॉप यांचे २०११ साली निधन झाले.

जुन्या निरीक्षणांचा नवा अर्थ

यंत्रणा कळल्यावर पूर्वीच्या कित्येक सुट्या नोंदी अर्थपूर्ण ठरल्या. रक्तात यूरिक आम्ल असूनही गाऊट का होत नाही, ही गॅरॉडच्या काळापासूनची अडचण घ्या. इन्फ्लॅमासोम दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात एखाद्या बाह्य संकेतामुळे पेशी इंटरल्यूकिन-१ बीटाचे निष्क्रिय रूप आणि एनएलआरपी-३ यांचा साठा करते. दुसऱ्या टप्प्यात संच जुळतो. पहिला संकेत नसेल तर स्फटिक सांध्यात निमूट पडून राहू शकतो. २०१० साली लिओ योस्टेन आणि सहकाऱ्यांनी रक्तातील मुक्त स्निग्धाम्ले हा पहिला संकेत देऊ शकतात, असे दाखवले. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंगठा ठणकू लागतो, हा रुग्णांचा शतकानुशतकांचा अनुभव आणि ‘आढ्यवात’ या नावामागचे निरीक्षण यांना त्यातून एक शास्त्रीय आधार मिळतो. अर्थात संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे.

कॉल्चिसीनची गोष्टही अशीच. या वनस्पतिजन्य औषधाचा सांधेदुखीसाठी वापर सहाव्या शतकातील ट्रॅलिसच्या अलेक्झांडरपर्यंत मागे जातो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एक गुप्त औषधी अर्क गाऊटवर रामबाण म्हणून विकला जाई. त्यातील द्रव्य कॉल्चिकमच आहे, हे १८१४ साली जॉन वाँट याने ओळखले. १८२० साली पेल्त्ये आणि काव्हाँतू यांनी त्यातील क्रियाशील घटक वेगळा केला. ते पेशीतील सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखते, हे १९६० च्या दशकात कळले. २००६ च्या निबंधात ते स्फटिकाने होणारी इन्फ्लॅमासोमची उठावणी थांबवते, असे दिसून आले. औषध आधी, कारण चौदाशे वर्षांनंतर.

संच जुळवणारी नेमकी ठिणगी कोणती, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद राहिले. एनएलआरपी-३ स्फटिकाला स्वतः स्पर्श करीत नाही. गिळलेल्या स्फटिकाने लायसोसोम फाटणे, पेशीतून पोटॅशियम बाहेर पडणे, तंतुकणिकांचा बिघाड अशी कारणे पुढे आली. त्यांत पोटॅशियमच्या गळतीला अधिक पुष्टी मिळाली. २०१५ साली बीजिंग आणि कॅलिफोर्निया येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन ओळखले. कॅस्पेज त्याला छेद देते, त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोके पाडतात, आणि त्यांतून इंटरल्यूकिन बाहेर पडते. बहुधा पेशीही फुटून मरते. पेशीच्या या दाहक मृत्यूला ‘पायरॉप्टोसिस’ हे नाव २००१ सालीच मिळालेले होते.

या यशाने उत्साहाला उधाण आले, हे सांगितलेच पाहिजे. २००८ ते २०१३ या काळात क्वचितच एखादा जुनाट रोग असेल ज्यात इन्फ्लॅमासोमचा हात दाखवला गेला नाही. रोहिणीकाठिण्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक (२०१०), अल्झायमरच्या विकारात मेंदूत साचणारे अमायलॉइड (२०१३), शिवाय लठ्ठपणा आणि मधुमेह. उंदरातील पुरावा आणि माणसातील पुरावा यांतील अंतर या लेखनात अनेकदा पुसट झाले. तुरटीवर्गीय क्षारांचे उदाहरण बोलके आहे. अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ साली लसीत ते मिसळल्यास लस अधिक प्रभावी होते हे दाखवले. २००८ साली हा परिणाम एनएलआरपी-३ मुळेच होतो असे जाहीर झाले. आणि लगोलग इतर प्रयोगशाळांना ते प्रथिन नसलेल्या उंदरांतही प्रतिपिंडे नीट तयार होताना आढळली.

माणसातील सर्वांत मोठी कसोटी हृद्रोगाची होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण होते. इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुढील हृद्‌घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. कोलेस्टेरॉल तसूभरही बदलले नाही. रोहिणीकाठिण्यात दाहाचा वाटा आहे याचा हा थेट मानवी पुरावा होता. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ साली या कारणासाठी मान्यता दिली नाही. स्वस्त कॉल्चिसीनकडे लक्ष वळले ते यानंतर. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा लाभ दिसला, २०२३ साली अमेरिकेत त्याला हृद्रोगप्रतिबंधासाठी मान्यताही मिळाली. पण २०२४ साली जाहीर झालेल्या, सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर दिलेल्या कॉल्चिसीनचा लाभ आढळला नाही. ज्या यंत्रणेने काट्याला वेढा घातला, तीच जंतूलाही घालते. एकीला बांधले की दुसरी बाजू उघडी पडते. कॅनाकिनुमॅबच्या चाचणीतील जंतुसंसर्गांनी हे पुरेसे स्पष्ट केले आहे.

सिलिका

याच इतिहासातील एक स्फटिक असा आहे की, त्याची यंत्रणा कळूनही रुग्णाच्या पदरात फारसे काही पडलेले नाही. १९६६ साली अ‍ॅलिसन, हॅरिंग्टन आणि बर्बेक यांनी सिलिकाचे कण भक्षक पेशींनी गिळल्यावर लायसोसोम फुटून त्यातील विकरे पेशीत सांडतात, असे दाखवले होते. म्हणजे २००८ साली इन्फ्लॅमासोमच्या संदर्भात ‘नवे’ म्हणून मांडले गेलेले निरीक्षण अर्ध्याअधिक अंशी बेचाळीस वर्षे ग्रंथालयात होते. फ्रॉइडवायलरचीच ही पुनरावृत्ती. २००८ साली तीन गटांनी सिलिका एनएलआरपी-३ मार्फत दाह घडवते हे सिद्ध केले. त्यांपैकी काहींनी अ‍ॅस्बेस्टॉसविषयीही तेच दाखवले.

गाऊटचा स्फटिक विरघळतो. १९६० च्या दशकात गर्ट्रूड एलिअन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या अ‍ॅलोप्युरिनॉलने यूरिक आम्ल घटवता येते, आणि ते ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या संपृक्ततेच्या मर्यादेखाली ठेवले तर साचलेला यूरेट हळूहळू नाहीसा होतो. सिलिका विरघळत नाही. भक्षक पेशी ती गिळते, फुटते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते. कारखाना सोडल्यावरही हे चक्र चालूच राहते आणि फुप्फुसे घट्ट होत जातात.

मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांची पाहणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने केली आणि तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. दगड कापताना उडणाऱ्या धुळीत मुक्त सिलिकाचे प्रमाण मोठे होते आणि कामगारांत सिलिकोसिस मोठ्या प्रमाणावर आढळला. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांचीही कथा याहून वेगळी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसची नोंद अधिसूचनीय रोग म्हणून होती. परंतु घराच्या ओसरीवर बसून अकीक घासणारा माणूस कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. रोग आणि कायदा यांच्यामधील ही फट अनेक कुटुंबांना भोवली आहे.

इंटरल्यूकिन-१ अडवणारी औषधे या कामगारांपर्यंत पोहोचण्याची शक्यता अत्यल्प आहे, आणि पोहोचली तरी सिलिकोसिसच्या रुग्णांना आधीच जडणारा क्षयरोग त्यांनी बळावण्याचा धोका आहे. त्यांच्या बाबतीत स्फटिकाला अडवण्याची जागा पेशीच्या पुष्कळ अलीकडे आहे : दगडावर पाण्याची धार धरणे, धूळ उडते तेथेच ती नळीने ओढून घेणे, आणि पाते फिरते त्या खोलीला वारा देणे.